टाऊनशिपमधल्या दुकानदारीचे ‘गुपित’

जानेवारी २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या टाऊनशिपमध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्तीत, परदेशी दुकानदारांची दुकाने लुटली गेली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन लघुउद्योगमंत्री लिंडिवे झुलू यांनी, धंद्यातली गुपिते स्थानिकांना सांगितल्याखेरीज या लोकांना टाऊनशिपमध्ये सुखाने राहता येणार नाही, अशा आशयाचे विधान केले होते. ते मला आजही खुपते, कारण ही गुपिते शिकवली जाताना मी स्वतः पाहिली आहेत.

मिडरँडला नोकरीला असताना आमच्या कार्यालयात चहापाणी पाहणाऱ्या मावशी जवळच्याच टेंबिसा या टाऊनशिपमध्ये राहत. त्यांच्या घराची पुढची खोली एका सोमाली तरुणाने स्पाझासाठी, म्हणजे वस्तीतल्या छोट्या किराणा दुकानासाठी, भाड्याने घेतली होती. सगळी वस्ती त्याला ‘माय फ्रेंड’ म्हणे. पुढे मावशींनी बहिणीच्या घरी स्वतःचे दुकान काढायचे ठरवले, तेव्हा त्याने त्यांना महिनाभर गल्ल्यावर शेजारी बसवून घेतले. हिशेबाची वही घालून द्यायला मीही काही शनिवार तिथे जात असे.

त्याचे पहिले शिकवणे अंड्यांचे होते. तीस अंड्यांचा ट्रे साठ रँडला (रँड हे तिथले चलन) आणून अंडे अडीच रँडला सुटे विकले, तर ट्रेमागे पंधरा रँड सुटतात. पण दोन अंडी फुटली आणि चार उधारीत गेली, तर नफ्याचा पैसाही हाती उरत नाही. दुकानातून घरी नेलेली साखरसुद्धा वहीत लिहायची, हा त्याचा नियम मावशींना सर्वांत जड गेला. मका-पीठ, तेल आणि साखर एकत्र बांधून थोड्या कमी भावात देणे, पहाटे पावासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाआधी दार उघडणे, हे त्यांनी पटकन उचलले.

मात्र खरा फरक खरेदीत होता. तो एकटा कधीच माल उचलत नसे. चार-पाच दुकानदार मिळून ठोक बाजारातून माल घेत आणि गाडीभाडे वाटून घेत. त्यात मावशी आल्या, तर त्याचाही वाटा हलका होणार होता, त्यामुळे शिकवण्यात त्याचे नुकसान नव्हतेच. शिवाय मावशींना हे नवेही नव्हते. आपल्याकडच्या भिशीसारखा त्यांचा स्टॉकव्हेल होता आणि त्यातल्या बायका दर डिसेंबरला वर्षभराची बचत काढून किराणा घाऊक भावात आणत. जे वर्षातून एकदा घरासाठी करता, तेच दर बुधवारी दुकानासाठी करा, एवढेच त्याने सांगितले.

स्थानिकांना धंदा जमत नाही, असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वर्णभेदी राजवटीने १९६३ च्या निर्बंधांनी टाऊनशिपमधल्या कृष्णवर्णीय व्यापाऱ्याला एकाहून अधिक दुकान, भागीदारी आणि कंपनी यांची मनाई केली होती. रोजच्या गरजेपलीकडचा माल विकण्याचीही मुभा नव्हती. ज्या समाजाला भागीदारीच कायद्याने नाकारली, त्याच्याकडे पिढीजात दुकानदारी कुठून येणार? पुढे मोठे उद्योजक झालेल्या रिचर्ड मापोन्या यांना सोवेटोत कपड्यांच्या दुकानाचा परवाना नाकारला गेला होता; त्यांच्या नावाचा मॉल तिथे उभा राहायला २००७ उजाडले.

म्हणूनच शिकवणे हवे, पण धाकाखाली नव्हे. मे २००८ मध्ये परदेशी लोकांविरुद्ध उसळलेल्या हिंसाचारात साठाहून अधिक माणसे मारली गेली, हे ठाऊक असलेला परदेशी दुकानदार जाळीमागेच बसणार. तो शेजारी स्टूल मांडून कोणाला बसवणार नाही. स्पाझांतल्या खाण्याशी जोडल्या गेलेल्या विषबाधेने मुले दगावल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पाझांना २१ दिवसांत नोंदणी करण्याचा आदेश दिला, ते योग्यच झाले. स्पाझांसाठी ५० कोटी रँडचा निधीही जाहीर झाला. त्यातला काही भाग एकेकट्या दुकानाऐवजी एकत्र खरेदी करणाऱ्या गटांना मिळावा आणि त्या गटांत परदेशी दुकानदारालाही जागा असावी, असे मला मनापासून वाटते.

मी परतलो तेव्हा मावशींच्या गटात तीन दुकाने होती, दोन स्थानिक बायकांची आणि एक त्याचे, आणि बुधवारची गाडी तिघांत मिळून एकच येत असे.