आठ सतराचा कवडसा

आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरात ऊन सकाळी आठ सतराला यायचं. आठ सतराला म्हणजे आठ सतरालाच, मध्य रेल्वेसारखं नाही. सूर्य बिचारा पारसिकच्या डोंगरामागून केव्हाच वर आलेला असायचा, पण समोरच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी आणि शेजारचा नारळ यांच्या फटीत पोचायला त्याला तेवढा वेळ लागायचा, आणि मग जेमतेम २२ मिनिटं आमच्या ओट्यावर एक कवडसा पडायचा. महिन्या-दोन महिन्यांनी वेळ थोडी पुढेमागे व्हायची म्हणा. माझी फास्ट आठ एकावन्नची. स्टेशनला रिक्षाने दहा मिनिटं, ती मिळाली तर. करा हिशोब.

खूळ लागलं ते चिकनगुनियामुळे. तीन आठवडे घरी पडून होतो, एका सकाळी लंगडत पाणी प्यायला गेलो तर ओट्यावर किसणी तिरकी ठेवलेली आणि तिच्या भोकांतून उजेडाचे ठिपके पार कुकरपर्यंत सांडलेले. काढला फोटो, टाकला फॅमिली ग्रुपवर. मामेभावाने विचारलं, "ड्रोनने काढलास का? कुठलं शहर आहे?" झालं, त्या एका वाक्याने माझं वाटोळं केलं.

त्यानंतर घरातली एकही वस्तू सुटली नाही. चाळणी, झारा, कंगवा, कपड्यांचे चिमटे, बायकोच्या बांगड्या, इडलीपात्र. अडचण एकच, की ज्या २२ मिनिटांत मला वस्तू लागते त्याच २२ मिनिटांत ती घरातल्या सगळ्यांना लागते. एका आषाढी एकादशीला, पावसाने जरा उघडीप दिली म्हणून मी किसणी लावून बसलो होतो. हो, लावून, कारण खाली दोन वाट्या देऊन नेमका कोन धरावा लागतो.

"अरे ती किसणी दे इकडे, रताळं किसायचंय."

"आई, पाच मिनिटं. ठिपके आत्ता गोल झालेत."

"उपास माझा आहे, किसणीचा नाही."

ठिपके गोल होणं ही साधी गोष्ट नाही बरं का. किसणीची भोकं वेडीवाकडी असली तरी उजेड पुरेसा लांब पडला की ठिपके गोलच येतात, कारण ते भोकाचे नसतात, सूर्याचे असतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक छोटा सूर्य. म्हणून तर ग्रहणात चाळणीखाली चंद्रकोरी दिसतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ठाण्यात खंडग्रास ग्रहण होतं, तेव्हा मी ऑफिसात एसीखाली एक्सेल भरत होतो. याची हळहळ मला अजून आहे, बायकोला नाही.

शिवाय कवडसा एका जागी थांबत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे खिडकीपासून दोन मीटरवरच्या भिंतीवर ऊन मिनिटाला जवळपास एक सेंटिमीटर चालतं. ऐकायला काहीच नाही, पण तुम्ही वाटी सरळ केली, मागचा विमचा बार उचलला, हात पुसून फोन घेतला की वाटी सावलीत आणि ऊन मिसळणाच्या डब्यावर. त्यात फोनचं वेगळंच. फोनला सावली म्हणजे काहीतरी आजार वाटतो, लगेच बरा करायला बसतो. काळंभोर पाहिजे तिथे राखाडी करून देतो. मग उजळ भागावर बोट दाबून धरायचं, ब्राइटनेस खाली ओढायचा, आणि तेवढ्यात मावशी येऊन विचारणार, "दादा, हे भांडं घासायचंय का पूजेला मांडलंय?"

आंद्रे केर्तेस नावाच्या फोटोग्राफरने १९२८ साली पॅरिसमध्ये ताटलीच्या कडेला टेकवलेल्या एका काट्याचा आणि त्याच्या सावलीचा फोटो काढला, तो जगभर गाजला. बास, एक काटा, एक ताटली. मी पण केला प्रयत्न. आमच्याकडे काटे दोनच, एक मॅगीचा आणि एकाचा दात वाकडा, तो लोणच्याच्या बरणीतला. वाकड्या दाताची सावली खरंतर भारी आली होती पण ताटलीवर 'चि. सौ. कां.'च्या लग्नातलं नाव कोरलेलं, ते बरोबर उन्हात आलं.

आणि हे सगळं ठीक हो, पण ओट्यावरच्या वस्तूचा फोटो काढताना फोन खिडकीकडे होतो. समोरचे काका एक दिवस जिन्यातच भेटले. "काय हो, रोज आमच्या बाल्कनीचे फोटो काढता म्हणे." मी घाबरून गॅलरीच उघडून दाखवली. काकांनी बराच वेळ वर-खाली केलं. ३४० फोटो, त्यातले ६० एकट्या किसणीचे. फोन परत देताना आवाज एकदम मऊ. "तब्येत बरी आहे ना? सुट्टी घ्या थोडी."

मग काकांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नारळ गेला, टाकी गेली, काका भाड्याने कोलशेतला गेले आणि आमच्या ओट्यावर साडेसातपासून अकरापर्यंत नुसतं ऊन. मी लॉटरी लागल्यासारखा नाचलो. सगळ्यात भिकार फोटो त्याच महिन्यांतले आहेत. अख्खा ओटा पांढराफटक, सावलीला कोपराच नाही, जाहिरातीतल्या किचनसारखं. आईने मात्र त्या उन्हात मिरच्या, कुरडया, सगळं वाळवून घेतलं. तिने तेवढं तरी वसूल केलं.

मग टॉवर चढायला लागला. हिरवी जाळी, धूळ, आणि दर स्लॅबला माझी मिनिटं कमी. बाविसाव्या मजल्याला कवडसा संपला. मी फोन खिशात ठेवून आठ बेचाळीसच्या गाडीने जायला लागलो, घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, किसणी वेळेवर मिळायला लागली.

गेल्या महिन्यात टॉवरला काचा बसल्या. शनिवारी सव्वाचारला आम्ही चहा घेत होतो, आणि पश्चिमेचं ऊन वरच्या मजल्यांच्या काचांवर आपटून थेट आमच्या टेबलावर. साधं ऊन नाही, काचा किंचित फुगीर असतात ना, त्यामुळे पाण्यातल्यासारखं हलतं वाटणारं, लाटालाटांचं. आईने नुकताच चहा बशीत ओतला होता आणि एक लाट बरोबर बशीत.

"आई, थांब. पिऊ नकोस."

"का? माशी पडली?"

"नाही, ऊन पडलंय. एक मिनिट. बशी जरा डावीकडे."

आईने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे. "आता दुपारचं पण सुरू का?" आई म्हणाली, आणि बशी तोंडाला लावली, उन्हासकट.