जेसीबीवाल्यांनो, तास मशीनचा नको, कामाचा लावा

डोकं फिरलंय नुसतं. सांगलीत घर बांधायला काढलंय आणि अजून जोत्याच्या वर एक वीट चढली नाही, तरी या खोदाईवाल्यानं जीव नकोसा केलाय. सिमेंटवाला, सळईवाला, सेंट्रिंगवाला यांच्याशी निदान वजनावर नाहीतर मापावर भांडता तरी येतं. खोदाईत सगळा कारभार तोंडी. किती तास चाललं ते तो सांगणार, किती ब्रास (माती-मुरमाचं माप) आलं ते तोच सांगणार आणि पैसे मोजायचे आपण.

पहिलं म्हणजे वेळेवर यायचं नाव नाही. 'निघालोय मालक, आलोच' म्हणतो आणि दुपारपर्यंत पत्ता नाही, मग फोन उचलत नाही, संध्याकाळी कळतं की मशीन दुसऱ्याच साईटवर लावलं. कधी टायर फुटलाय, कधी ड्रायव्हर जत्रेला गेलाय, आणि ट्रॉल्यांचं विचारलं की 'सगळी ट्रॅक्टरं उसाला लागल्यात'. अरे उसाचा हंगाम काय यंदा पहिल्यांदा आलाय का, दरवर्षी कारखाने सुरू झाले की ट्रॉली मिळत नाही हे तुला माहिती, मग ॲडव्हान्स घेताना का नाही बोललास? तिकडं गवंडी, बिगारी हजेरी लावून बसलेले, त्यांचा खाडा कोण भरून देणार?

बरं मशीन आलं एकदाचं. दर तासावर ठरलेला. आता हा तास कसा मोजतात बघा, ज्यांचं काम व्हायचंय त्यांनी नीट वाचा. इंजिन चालू असलं की मीटर फिरतो, बकेट मातीत आहे की हवेत याच्याशी मीटरला काही घेणंदेणं नाही. आमच्या इथं ऑपरेटर मशीन चालू ठेवून खाली उतरला, बाजूच्या बाभळीखाली बसून फोनवर बोलत बसला, ट्रॉली खाली करून यायची वाट बघतोय म्हणे. इंजिन घुंघुं करतंय, धूर निघतोय, आमचे वडील उन्हात उभे. त्यांनी जाऊन सांगितलं की बाबा बंद तरी कर, तर म्हणतो, 'आबा, बंद-चालू केलं की डिझेल जास्त जातं.' डिझेल कुणाचं जातंय आणि तास कुणाचा भरतोय रे? एकच ट्रॉली लावलीय, ती जाऊन येईस्तोवर मशीन उभं, म्हणजे उभं राहण्याचे पैसे आम्ही द्यायचे. दोन ट्रॉल्या लावल्या असत्या तर निम्म्या वेळात काम उरकलं असतं, पण ते त्याला नकोच आहे. वर हिशेबाला बसल्यावर मशीन घरातून निघाल्यापासूनचा वेळ धरलाय. येण्याजाण्याचे वेगळे पैसे आधीच घेतलेत ते कुठं गेले?

आणि खोदाई! आमच्याकडं काळी माती आहे. सांगली-मिरजेकडच्यांना सांगायला नको, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून वर येते, त्या फुगण्यानं फरशी उचलते, भिंतीला चिरा जातात. म्हणून इंजिनियरनं स्पष्ट लिहून दिलेलं, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि मुरूम लागला की थांबायचं. लाईन आऊट करून, म्हणजे जागा आखून, फक्की (पांढऱ्या भुकटीची रेघ) मारून दिली होती, 5 बाय 5 फुटांचे खड्डे. या माणसानं फक्कीच्या बाहेर दोन्ही बाजूनी ओरबाडून ठेवलं, खड्डे कुठं सात फूट रुंद, कुठं तिरके, आणि दोन खड्डे तर मुरूम लागल्यावरही फूट दीड फूट जास्त खाली नेले. का? कारण तास भरतोय. मग जास्त खोल गेलंय म्हटल्यावर काय करावं त्यानं, तीच उकरलेली माती बकेटनं परत आत ढकलली आणि वरून बकेटनंच दोन दणके दिले. म्हणे लेव्हल झाली मालक. फुटिंगच्या, म्हणजे कॉलमच्या पायाच्या, खाली भुसभुशीत माती! त्याच्यावर कॉलम उभा राहणार, स्लॅब येणार, माणसं राहणार आहेत त्या घरात. जास्त खणलं गेलं तर ती जागा काँक्रीटनं भरून काढायची असते, मातीनं नाही, हे ज्याचं पोट खोदाईवर चालतं त्याला कळत नाही असं मी मानायला तयार नाही. इंजिनियरनं ती माती मजुरांकडून हातानं काढायला लावली आणि खाली जादा पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) ओतायला लागलं. तो खर्च आमच्याच डोक्यावर.

मधल्यामधी गल्लीतली पाण्याची लाईन फोडली ते वेगळंच. लाईन कुठून जाते ते आधी दाखवलेलं होतं. शेजारच्या काकू घागरी घेऊन आमच्या दारात उभ्या आणि हा मशीन घेऊन पसार.

निघालेल्या काळ्या मातीचं तर ऐकाच. ती उचलून टाकायचे ट्रॉलीमागं पैसे आमच्याकडून घेतले. नंतर कळलं त्यातली काही माती एकाच्या रानात विकत टाकलीय. म्हणजे उचलायचे पैसे माझे आणि विकायचे पैसे पण ह्याचेच.

आता भराव. 2019 ला महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 च्या वर गेलं, तेव्हापासून इकडं जो तो जोतं उंच घेतोय आणि घ्यायलाच पाहिजे. म्हणजे मुरूम भरपूर लागतो, आणि लोकांची ही गरज कळल्यापासून ह्यांची लूट चाललीय. 1000 चौरस फुटाला एक फूट भराव म्हणजे 10 ब्रास, 100 घनफुटाचा एक ब्रास, हे गणित साधं आहे. हा ट्रॉलीला एक ब्रास धरतो. मी टेप घेऊन ट्रॉलीत उतरलो आणि आतून मोजली, 9 फूट लांब, साडेपाच रुंद, पावणेदोन उंच. करा गुणाकार. 87 घनफूट पण भरत नाही. वर शीग लावून भरलेली असती तर गप्प बसलो असतो, पण कडेपर्यंतसुद्धा नसते, आणि आलेला मुरूम मोकळा, पाणी मारून दाबला की आणखी खाली बसणार. माप दाखवलं तर म्हणतो, 'सगळे अशीच धरतात, तुम्हीच पहिले मोजणारे.' मग सगळ्यांना फसवतोस असंच झालं ना त्याचं.

रॉयल्टीची, म्हणजे मुरमावर सरकारला भरायच्या पैशांची, पावती मागितली तर तोंड वाकडं. मुरूम गौण खनिजात येतो, विनापरवाना उचलला तर महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड बसतो. बिलात रॉयल्टी लावलीय ना, मग पावती दे. कागद नसलेला माल माझ्या दारात ओतून तू मोकळा, आणि उद्या तलाठी आला तर उत्तर कुणी द्यायचं?

पण ज्यानं माझं टाळकं खरंच सटकलं ते परवाचं. भरावाला नऊ नऊ इंचाचा थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मसनं ठोकून दाबायचं, असं ठरलेलं. आम्ही घरचं लग्न म्हणून कराडला गेलो तेवढ्यात ह्यानं सगळा भराव एका दमात उरकला. वरून बघितलं तर झकास लाल मुरूम. गवंड्याला संशय आला, त्यानं पहार मारली तर वीतभर मुरूम आणि त्याच्याखाली काळीभोर माती, ओली, पहारीला चिकटून वर आली. ढेकळंच्या ढेकळं. माझ्याच खड्ड्यांतली माती, जी उचलून नेल्याचे पैसे मी दिलेत, ती माझ्याच जोत्यात परत, आणि वर मुरमाचा दर लावलाय तिला! पहिल्या पावसाळ्यात ती फुगली असती आणि आतल्या सगळ्या फरश्या तडकल्या असत्या, आणि तेव्हा ह्याला कुठं शोधत फिरायचं होतं? वडिलांनी आयुष्यभर नोकरी करून जमवलेले पैसे आहेत ते. त्यांनी ती पहारीवरची माती हातात घेतली आणि काही न बोलता कडेला जाऊन बसले. मला त्याचाच राग जास्त आहे.

आता रोज फोन करतोय, 'राहिलेलं पेमेंट सोडा, ड्रायव्हरचा पगार थटलाय.' सगळ्या खोदाईवाल्यांना मी नावं ठेवत नाही, मावसभावाच्या घराला आलेल्या माणसानं फक्कीवर एक इंच इकडंतिकडं होऊ दिलं नव्हतं आणि मुरूम लागला की स्वतः हाक मारून दाखवत होता. म्हणजे नीट काम करता येतं. ह्याला करायचं नव्हतं.

तर मीटरचे, ट्रॉलीचे, पहारीवरच्या मातीचे सगळे फोटो माझ्याकडं आहेत. आधी जोत्यातली काळी माती शेवटच्या ढेकळापर्यंत स्वतःच्या खर्चानं बाहेर काढायची, मुरूम टेप लावून मोजून टाकायचा, थराथरानं दाबायचा, रॉयल्टीची पावती हातात द्यायची. इंजिनियर बघून हो म्हणाला की मगच बाकीचा हिशेब. तोवर एक रुपया सोडणार नाही, ज्याला कुणाला मध्यस्थीला आणायचंय त्याला आण.