विंचवाची पिल्लं आईला खात नाहीत

ताईचं बाळ दोन महिन्यांचं आहे. परवा रात्री अडीच वाजता तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "खरंच असं असतं का रे?" फोटोत विंचवाची मादी, पाठीवर पांढऱ्या पिल्लांची गर्दी. खाली मजकूर: विंचवीण पिल्लं पाठीवर घेते, ती पिल्लं तिचंच मांस खाऊन वाढतात, ती हूं की चूं न करता सोसते आणि मरते, आई असावी तर अशी. झोप नाही म्हणून ताई रडवेली झाली होती, तेव्हा एका नातेवाइकांनी हा तिला 'धीर' म्हणून पाठवला. म्हणून हे लिहितोय.

पहिलं आणि मुख्य: पिल्लं आईचं मांस खातात, हे साफ खोटं आहे. पाठीवर असताना ती काहीच खात नाहीत. जन्मताना पोटात जो अन्नसाठा असतो, त्यावरच त्यांचे ते दिवस निघतात. पिल्लू मऊ, पांढुरकं, तोंडाचे चिमटे अजून कोवळे, नांगी निकामी. असल्या तोंडाने आईच्या पाठीचं टणक कवच फोडायचं कसं? जन्माच्या वेळी मादी शरीराचा पुढचा भाग उचलते आणि पुढचे पाय पोटाखाली दुमडून ओंजळ करते. पिल्लं त्या ओंजळीत पडतात आणि तिच्याच पायांवरून चढून पाठीवर जातात. पायांच्या टोकाला चिकटून राहण्याची सोय असते, तरी एखादं घसरतं आणि पुन्हा चढतं. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ती पहिली कात टाकतात. या काती काही दिवस आईच्या पाठीवर पांढऱ्या थरासारख्या राहतात. मग पिल्लांचा रंग गडद होतो, अंग टणक होतं, नांगी कामाला येते आणि ती खाली उतरून आपापल्या वाटेला लागतात.

आणि आई? जिवंत असते. जीवशास्त्रज्ञ गॅरी पोलिस यांनी संपादित केलेला 'द बायॉलॉजी ऑफ स्कॉर्पियन्स' हा 1990 चा ग्रंथ विंचवांच्या अभ्यासात आजही आधाराला घेतात. त्यात विंचवांच्या जीवनक्रमावर अख्खं प्रकरण आहे. मादी आयुष्यात एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं देते, काही जातींत तर एकदाच्या मीलनावर पुन्हा पुन्हा. पहिल्याच खेपेला पिल्लांनी तिला खाल्लं असतं तर दुसरी खेप आली कुठून?

विंचवाबद्दल अशा आणखी दोन गोष्टी फिरतात. दुसरं, 'आईचं पोट फाडून बाहेर येतात'. नाही. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो, आणि पोटाच्या बाजूला त्यासाठी जननद्वार असतं. तिसरं, 'एका वेळी हजार'. बहुतेक जातींत वीस-तीसच्या आसपास, काहींत शंभरावर जातात. बस्स.

एवढं मान्य करतो की आईला खाणारी पिल्लं निसर्गात आहेत. स्टेगोडायफस या कोळ्यांमध्ये आई स्वतःच्या शरीरातलं द्रव्य पिल्लांना भरवते आणि शेवटी पिल्लं तिला खातात. पण तो कोळी झाला, विंचू नव्हे. विंचवांत कधी घडलंच तर उलटं घडतं: उपाशी किंवा डिवचलेली मादी स्वतःची पिल्लं खाते. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आपल्या भाषेनेही 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' एवढंच म्हटलंय. बिऱ्हाड म्हणजे काही दिवसांचा मुक्काम. घरमालकिणीला खाऊन टाकायचं त्यात कुठेच नाही. मग बाळंतपणातून अजून न सावरलेल्या बाईला, संपून जाणं हेच आईपण, असं रात्री-बेरात्री कशासाठी सांगायचं? ज्यांनी तो फॉरवर्ड पाठवला, त्यांनी त्या रात्री बाळ मांडीवर घेतलं नव्हतं.

ताईला उत्तर पाठवलं: "नाही गं. पिल्लं उतरून जातात आणि ती पुन्हा शिकारीला निघते. उद्या सकाळी मी येतो, बाळाला बघतो, तू झोप."