एक्सॉर वर नेल्याने हा बग का सुटत नाही

आमच्या कंपायलरमधल्या (प्रोग्रामचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) एका बगवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पीपहोल पासमध्ये (तयार कोडच्या लगतच्या ओळी बघून त्या आटोपशीर करणाऱ्या टप्प्यात) मी घातलेली फ्लॅग्जची (आधीच्या सूचनेचा निकाल लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या बिटांची) तपासणी ही मलमपट्टी आहे, खरा दोष रजिस्टर ॲलोकेटरचा (कोणता आकडा प्रोसेसरच्या कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायचा ते ठरवणाऱ्या भागाचा), रजिस्टर शून्य करणारी एक्सॉर ही सूचना तुलनेच्या वर नेली की प्रश्न मिटतो. शिवाय माझी तपासणी ब्लॉकच्या (मध्ये उडी नसलेल्या सलग ओळींच्या गटाच्या) शेवटी थांबते, तेही चूक. शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्याकडे येतेच. ॲलोकेटरवरचा आरोप मात्र मला मान्य नाही.

जो कोड बिघडला तो पुन्हा बघा (ईएएक्स, ईसीएक्स ही रजिस्टरं, एएल हा ईएएक्सचाच खालचा बाइट; सीएमपी तुलना करतं, मूव्ह आकडा ठेवतं, सेटएल डावा आकडा लहान निघाला तर १, नाहीतर ० ठेवतं):

सीएमपी ईएएक्स, ईसीएक्स
मूव्ह ईएएक्स, ०
सेटएल एएल

पासने मधली ओळ काढून एक्सॉर ईएएक्स, ईएएक्स टाकलं. ५ बाइटऐवजी २. रजिस्टरमध्ये शून्यच आलं, पण मूव्ह फ्लॅग्जना हात लावत नाही आणि एक्सॉर लावतं: साइन आणि ओव्हरफ्लो दोन्ही ०. सेटएल हे दोन वेगळे असले तरच 'लहान' धरतं. मग त्याला 'लहान' कधी दिसणारच नाही. ३ < ७ चं उत्तर ० आलं. ७ < ३ चंही ०, आणि ते बरोबर असल्यामुळे निम्म्या टेस्ट हिरव्याच राहिल्या. माझा अख्खा दिवस त्यात गेला.

आता एक्सॉर वर नेऊन बघा. ईएएक्समध्ये तुलनेचाच डावा आकडा आहे. तुलना व्हायच्या आधीच तो पुसला जाईल. ॲलोकेटरने तेच रजिस्टर पुन्हा दिलं यात काही चुकलं नाही. त्या आकड्याचं काम तुलनेपाशी संपतं, निकालाचं त्यानंतर सुरू होतं. तुमच्या मार्गाने जायचं तर निकालाची जागा तुलनेआधीच अडवावी लागेल, म्हणजे एक जास्तीचं रजिस्टर. मोकळं असेल तिथे जरूर करावं, मीही करते. पण स्टॅकसाठी लागणारा आरएसपी सोडला तर १५च रजिस्टरं उरतात, आणि गच्च भरलेल्या लूपमध्ये ३ बाइटसाठी स्पिल (रजिस्टर कमी पडल्यामुळे आकडा मेमरीत ठेवणं) ओढवून घेणं मला पटत नाही.

खरं भांडण फ्लॅग्ज रजिस्टरवरून आहे. आमचा ॲलोकेटर फ्लॅग्ज वाटतच नाही, आणि एक्सॉरच्या वर्णनात 'हे फ्लॅग्ज बदलतं' अशी नोंदच नव्हती. जिथे माहिती नव्हती तिथेच ती घातली, याला मलमपट्टी कसं म्हणायचं? जीसीसी या कंपायलरचं पीपहोलसुद्धा ही अदलाबदल फ्लॅग्ज पुढे लागणार नसतील तरच करतं. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरमध्ये असं शून्य नव्या जागी पुन्हा बनवायची वेळ आली आणि तिथे फ्लॅग्ज मोकळे असल्याची खात्री नसली, की साधं मूव्ह वापरतात.

आता ब्लॉकच्या शेवटाबद्दल. ब्लॉक संपला की फ्लॅग्जची गरज संपली, असं मी धरून चालले होते. पण एकाच सीएमपीवर आधी जेएल ('लहान असेल तर उडी') आणि मग जेई ('समान असेल तर उडी') असेल, आणि मधला ब्लॉक मूव्हने संपून थेट जेईच्या ब्लॉकमध्ये उतरत असेल, तर फ्लॅग्ज ब्लॉक ओलांडून जिवंत राहतात. जेईसाठी तेच सीएमपी दुसऱ्यांदा लिहिलेलं असलं, तर ते आमचाच दुसरा एक पास काढून टाकतो! तुम्ही लिहिल्यावर तसा कोड हाताने लिहून पाहिला. एक्सॉरने झिरो फ्लॅग १ केला आणि जेई प्रत्येक वेळी उडी मारू लागलं.

आता फ्लॅग्जही प्रत्येक ब्लॉकच्या लाइव्ह-इन यादीत (ब्लॉकमध्ये शिरताना ज्यांची अजून गरज आहे त्यांच्या यादीत) धरले आहेत. तपासणी ब्लॉकच्या शेवटाकडून वर येते, आणि पुढच्या एकाही ब्लॉकला फ्लॅग्ज लागणार असतील तर ते जिवंत धरूनच सुरुवात करते. लेखातला कोड बदलला आहे आणि तुमची जेएल-जेईची केस टेस्टमध्ये घातली आहे. ती दाखवून दिल्याबद्दल मनापासून आभार.