हिऱ्याचा कार्पेट एरिया

सोनं घेणं सोपं असतं. ठाण्यात गोखले रोडवरच्या कुठल्याही पेढीच्या दारात आजचा भाव लिहिलेला असतो. तो वाचायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि आत शिरायचं. हिऱ्याला अशी पाटी नसते. शेजारी शेजारी ठेवलेले दोन एक-एक कॅरेटचे खडे, एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट, आणि समोर बसलेल्या पाच माणसांना दोन्ही सारखेच दिसतात. हिरे खरेदीतला छळ इथूनच सुरू होतो.

साखरपुड्याची तारीख ठरली की नौपाड्यातल्या एखाद्या दुकानात असं पाच जणांचं पथक दाखल होतं. मुलगी, तिची आई, मोबाइलमध्ये डोकं घातलेला मुलगा, एक मावशी, आणि ‘ह्यांना त्यातलं कळतं’ म्हणून धरून आणलेला इसम. तो इसम म्हणजे मी. मला चहा मिळतो, मत विचारलं जातं आणि शेवटी मावशीचं चालतं.

मावशीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “बावीस कॅरेटमध्ये दाखवा हो.” विक्रेता चांगल्या घरातला असतो, तो हसत नाही. बावीस कॅरेटचा हिरा म्हणजे ४.४ ग्रॅमचा दगड झाला, त्याच्यासाठी घोडबंदरचा फ्लॅटही पुरायचा नाही. सोन्याचं कॅरेट शुद्धता सांगतं, हिऱ्याचं कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. ‘तीस सेंटचा’ म्हणजे ६० मिलिग्रॅमचा. आणि अंगठीचं सोनं बहुतेक वेळा अठरा कॅरेटचं असतं, त्यात ७५ टक्के सोनं. मावशीला हा कंजूसपणा वाटतो, पण बावीस कॅरेटचं सोनं मऊ पडतं आणि हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या नख्या, म्हणजे दुकानातल्या भाषेत प्रॉंग, हळूहळू वाकतात. मग सोनं शुद्ध राहतं आणि हिरा लोकलमध्ये राहतो.

आता मुद्द्याचं. ठाण्याच्या माणसाला फ्लॅटचं ब्रोशर दाखवा. तो स्विमिंग पुलाच्या चित्राकडे ढुंकूनही न बघता विचारतो, “कार्पेट किती?” म्हणजे घरात प्रत्यक्ष पाय ठेवायला जागा किती. सुपर बिल्टअपने इतकं पोळलंय की जिना, लिफ्ट आणि लॉबीचे पैसे कुठल्या पानावर लपवलेत हे त्याला झोपेतही सापडतं. तोच माणूस हिऱ्याच्या दुकानात गेला की फक्त ‘कॅरेट किती?’ विचारतो. अहो, कॅरेट हा हिऱ्याचा सुपर बिल्टअप आहे! कार्पेट म्हणजे त्याचा वरून दिसणारा व्यास. नीट पैलू पाडलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा दिसतो, अर्धा कॅरेट ५.१ च्या आसपास. पण एक कॅरेटचाच एखादा खडा ६.१ वर अडकलेला सापडतो. बाकीचं वजन गेलं कुठं? पोटात. खडा खाली खोल ठेवलाय, जिथं सोनं असतं आणि कुणाची नजर जात नाही. नीट कापलेला ९० सेंटचा हिरा ६.२ चा असतो, म्हणजे कमी पैशात मोठा दिसतो.

कारागीर असं का करतो? कच्च्या दगडातलं निम्म्याहून जास्त वजन पैलू पाडताना उडून जातं आणि गिऱ्हाईक वजनाचे पैसे मोजतं. मग पोट ठेवणं त्याला परवडतं. पण प्रकाशाला ते परवडत नाही. गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, तळाचं टोक सपाट केलं तर ५८. उजेड वरून आत जातो, खालच्या पैलूंवर दोनदा आपटतो आणि वर परत येतो. पोट फार खोल असेल तर तो बाजूने निसटतो आणि मधोमध काळं दिसतं. धंद्यात त्याला नेलहेड म्हणतात, खिळ्याचं डोकं. पोट फार उथळ असेल तर मध्ये फिकट कडं उमटतं, तो फिशआय, माशाचा डोळा. म्हणून हिऱ्यासोबत येणाऱ्या प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर दोन आकडे बघा. खोली व्यासाच्या ५९ ते ६२.५ टक्के आणि वरचा सपाट भाग, म्हणजे टेबल, ५४ ते ५८ टक्क्यांच्या आत. गोल हिऱ्याला कट ‘एक्सलंट’ असेल तर रंगात आणि क्लॅरिटीत, म्हणजे खडा आतून किती निर्दोष त्यात, एखादी पायरी खाली उतरायला माझी हरकत नाही. उलट करणाऱ्यांची मात्र मला दया येते.

आणखी एक. बाटाच्या चपलेची किंमत ९९९ असते आणि आपण तिला फसतो. हिऱ्यात ९९ चं खरंच मोल आहे. वजनाने ०.५० किंवा १.०० चा उंबरठा ओलांडला की कॅरेटमागचा दरच उडी मारतो. ९५ सेंट आणि एक कॅरेट यांच्या व्यासात फरक असतो एक दशांश मिलिमीटरचा. तो बघायला मावशींचा चष्मा पुरत नाही. पण ‘फुल एक कॅरेट’ असं हॉलमध्ये सांगता येत नाही, म्हणून लोक त्या दशांशासाठी घसघशीत पैसे टाकून येतात.

मग बाराखडी सुरू होते. रंगाची श्रेणी बिनरंगी ‘डी’पासून पिवळट ‘झेड’पर्यंत. ए, बी, सी आधीच्या निरनिराळ्या पद्धतींनी वापरून बदनाम केली होती, म्हणून जीआयए या अमेरिकन संस्थेने पाटी कोरी करून ‘डी’पासून सुरुवात केली. मावशीला अर्थात संशय येतो की ए, बी, सी विंग बिल्डरने नातेवाइकांना दिल्या. दुकानात मात्र ही अक्षरं जोडीने येतात : ‘ईएफ व्हीव्हीएस’, ‘जीएच एसआय’. पहिली जोडी रंगाची, मागचं शेपूट क्लॅरिटीचं. ‘जीएच’ म्हणजे जी किंवा एच, आणि तुमच्या वाट्याला बहुधा एच येतो. पिवळ्या सोन्यात एच, आय, जे बिनधास्त घ्यावा. आजूबाजूचं सोनंच पिवळं, त्यात खड्यातली जराशी पिवळट झाक कोण शोधणार? व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जीच्या खाली उतरू नका. आणि व्हाइट गोल्डवर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो झिजतो आणि पुन्हा करावा लागतो, हे घेतानाच विचारा.

क्लॅरिटीच्या पायऱ्या अकरा; व्हीव्हीएस वरच्या, त्याखाली व्हीएस, त्याखाली एसआय. त्या ठरतात दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, आणि साखरपुड्याला पाहुणे भिंग घेऊन येत नाहीत. व्हीएस२ मधला दोष उघड्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. एसआय१ मध्ये नशिबाचा भाग असतो, म्हणून खडा हातभर अंतरावरून स्वतः बघायचा. श्रेणीइतकीच जागाही महत्त्वाची. एकाच एसआय१ मध्ये काळा ठिपका टेबलाच्या मधोमध असेल तर तो हॉलच्या मध्यावर आलेला पिलर. कडेला, प्रॉंगखाली जाईल असा असेल तर बाल्कनीतला पिलर, त्यावर कुंडी ठेवता येते. मात्र कडेपर्यंत पोचलेली चीर असेल तर घेऊ नका. तिथं कट्ट्याला एकदा ठोकर बसली की टवका उडतो.

भिंग मागितलं की दुकानातलं वातावरण बदलतं. द्या म्हणावं, पण धरायचं कसं ते माहीत पाहिजे, नाहीतर अब्रू जाते. बहुतेक लोक भिंग अंगठीजवळ धरून लांबून बघतात, पोस्टाच्या तिकिटावर बघितल्यासारखं. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि खडा उचलून भिंगापासून एक इंचावर आणायचा. दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे, कोपरं काउंटरवर. दुसरा डोळा उघडाच. आधी नुसती आपल्या बोटाची रेषा दिसते, मग खडा किंचित पुढे-मागे करता करता एकदम सगळे पैलू धारदार होतात आणि आत एक पांढरं पीस तरंगताना दिसतं. ते खरंच आत आहे की वर बसलेली धूळ, हे कळायला खडा पुसून पुन्हा बघायचा. जागा हलली नाही तर ते आतलं. सर्टिफिकेटवरच्या नकाशात ते खुणेने दाखवलेलं असेल, ताडून बघा. त्याच भिंगाने खड्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर वाचा आणि सर्टिफिकेटशी जुळवा. तोच नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर तिथंच बसून टाका. चहा गार होईल, होऊ दे.

दुकानातल्या दिव्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. त्या झोताखाली तलावपाळीवर पडलेला बाटलीचा तुकडाही घराणेदार वाटेल. अंगठी घेऊन दारापाशी या, विक्रेत्याला सोबत घेऊनच, म्हणजे त्याचाही जीव भांड्यात राहील. जुलैतल्या ठाण्याच्या राखाडी उजेडात जो चमकतो तो चांगला. सुटा खडा असेल तर पांढऱ्या व्हिजिटिंग कार्डाची घडी घालून तिच्यात पालथा ठेवा आणि बाजूने बघा, रंग तिथं कबूल होतो.

एवढ्यात मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढतो : “लॅब ग्रोन घेऊया ना.” मावशी : “म्हणजे खोटा?” खोटा नाही हो. उकडीचा मोदक हाताने वळला काय आणि साच्यातून काढला काय, पिठी तीच आणि सारणही तेच. लॅबमधला हिराही शंभर नंबरी कार्बन आहे. जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर अब्जावधी वर्षांपूर्वी झालं ते काम यंत्रात काही आठवड्यांत होतं. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना ७.५ कॅरेटचा दिला तो असाच. भिंगाने फरक कळत नाही, दुकानातल्या साध्या टेस्टरची पिपाणीही दोन्हीला सारखीच वाजते. प्रयोगशाळेतली यंत्रंच सांगतात. म्हणून बिलावर ‘लॅब ग्रोन’ किंवा ‘नॅचरल’ हा शब्द लिहून घ्यायचाच. लॅबवाल्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळलेत. हौसेला उत्तम, पण परत विकायला जाल तर मोदक शिळा झालेला असेल.

मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा, हा वेगळाच प्राणी. साधा टेस्टर त्यालाही हिरा समजून पिपाणी वाजवतो. पण भिंगातून तिरकं बघितलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. आणि अमेरिकन डायमंड हा अमेरिकनही नाही आणि डायमंडही नाही, ते झिर्कोनिया. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड.

घरी आजीची परीक्षा बाकी असतेच. खड्यावर हाऽ करून फुंकर मारायची, वाफ लगेच उडाली तर खरा. ही परीक्षा निरुपद्रवी आहे. फक्त वाफ लॅबवाल्यावरूनही उडते आणि मोइसनाइटवरूनही. घण मारून बघायची परीक्षा मात्र करू नका. घणाखाली टिकतो तो हिरा, हे ऐकत आपण मोठे झालो. पण कठीण आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत. हिऱ्यावर दुसऱ्या हिऱ्याशिवाय कशाचाच ओरखडा उठत नाही हे खरं, पण त्याला चार दिशांना सरळ फुटण्याची सवय आहे. नेमका घाव बसला तर खरा हिराच आधी फुटतो.

प्रत्येक कुटुंबात एक ‘बीकेसीत ओळखीचा’ असतो. भारत डायमंड बोर्स हा हिऱ्यांचा बाजार २०१० पासून बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, आहे, त्याआधी हा बाजार ऑपेरा हाऊसला होता, आणि ओळखीचा दोन्हीकडे होता म्हणे. तो कागदाच्या पुडीत खडा आणतो. पुडीला सर्टिफिकेट नाही, बिल नाही, परत करायची सोय नाही, आणि तक्रार केली तर आत्या बोलणं टाकते.

बिल मात्र घरी नाही, काउंटरवरच वाचा. अंगठीचं एकूण वजन ४.३०० ग्रॅम, हिरा अर्धा कॅरेट, म्हणजे ०.१०० ग्रॅम. मग सोनं ४.२०० ग्रॅमचंच लागलं पाहिजे आणि भाव अठरा कॅरेटचा. सोन्याच्या भावाने हिरा तोलून घेणारे महाभाग आहेत. सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर ॲपवर तपासा, पण तो सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. ‘घडणावळीवर निम्मी सूट’ची पाटी दिसली तर हिऱ्याचा कॅरेटमागचा दर दुसऱ्या दुकानाशी ताडा, सूट तिथून वसूल झालेली असते. आणि ‘एकूण ४० सेंट’ लिहिलं असेल तर खडे किती ते विचारा. दोन-दोन सेंटचे वीस खडे दाटीवाटीने बसवून एका मोठ्या खड्याचा भास करता येतो. तो दिसतो छान, फक्त त्याची किंमत एकसंध ४० सेंटच्या कितीतरी खाली असते. परत घेताना किती कापणार आणि कशावर कापणार, आजच्या दरावर की बिलावरच्या, हे तोंडी नको, बिलाच्या मागे शिक्क्यासह.

बोटाचं माप संध्याकाळी द्या. सकाळी एसीत घेतलेलं माप मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर अडकतं. चारऐवजी सहा प्रॉंग असले तर बरं, एक तुटला तरी खडा जागेवर राहतो. हिऱ्याला तेलकटाचा भारी सोस, त्यामुळे हाताचा ओशटपणा त्याच्यावर लगेच बसतो आणि महिनाभरात तो काच दिसायला लागतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, वीस मिनिटं, मग लहान मुलाच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने. हे सगळं वाटीत, बेसिनवर नाही. सहा महिन्यांनी अंगठी कानाशी नेऊन हलवा. टिकटिक ऐकू आली तर एखादा प्रॉंग सैल झालाय, त्याच दिवशी पेढीवर जा. तोवर कणीक ज्याला लॅब ग्रोन हवा होता त्याने मळावी.