हेवीचे पंधरा तास

गेल्या महिन्यात माझ्या लायसन्सवर हेवी, म्हणजे ट्रकसारखी जड गाडी चालवायची परवानगी, चढलं. ज्यांना कळलं त्यातल्या निम्म्या लोकांनी अभिनंदन केलं. उरलेल्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना?" त्या दुसऱ्या निम्म्यांसाठी हे लिहितोय. थोडं लांबेल.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पास झालोय, आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशांवर आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. ऑर्डर पावसाळ्यात कधीतरी हातात येते आणि मार्च-एप्रिलला संपते. बिल मंजूर होऊन पैसे खात्यात पडायला कधी चार महिने, कधी सहा. ज्या वर्गावर अकरा वर्षं शिकवलं त्याच वर्गासाठी दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत, त्याच फाइलमध्ये तीच प्रमाणपत्रं. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे, मुलगी सातवीत आहे. उन्हाळ्याचे तीन महिने घर कसं चालतं ते माझी बायको सांगेल.

दुसरं काहीतरी हातात असावं हे चार वर्षांपासून डोक्यात होतं. क्लास काढून पाहिला, गावात फी निघत नाही. विमा विकायला घसा लागतो, तो माझ्याकडे नाही. ट्रक सुचला तो आमच्या आळीमुळे. आमच्याकडे सातारा-पुणे रस्त्यावर घरटी एक तरी माणूस गाडीवर आहे. शेजारचे नाना एकतीस वर्षं ट्रक चालवतात. मालक त्यांना शोधत घरी येतात, हे मी लहानपणापासून बघतोय. मला शोधत अजून कोणतंही महाविद्यालय घरी आलेलं नाही.

आई म्हणाली, "एवढं शिकून ड्रायव्हरकी करणार?" तिला मी योगिता रघुवंशींबद्दल सांगितलं. नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी असलेल्या बाई. नवरा अचानक गेला, पदरी दोन मुलं. वकिलीत जम बसेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून ट्रकचं स्टिअरिंग हातात घेतलं आणि देशभर माल वाहिला. आईनं ऐकून घेतलं. पटलं असं नाही म्हणणार. बायकोनं एकच प्रश्न विचारला, "रात्री झोप कधी घेणार?" सगळ्यांत नेमका प्रश्न तोच होता, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी शिकण्याबद्दल. हे मला फार मनापासून सांगायचंय.

कागद असे असतात. कारचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. वय वीस पूर्ण हवं. हेवीचं वेगळं लर्निंग काढायचं, डॉक्टरचा फॉर्म एक-अ लावायचा, महिनाभरानं टेस्ट. आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म पाच, म्हणजे तुम्ही रीतसर शिकलात याचा दाखला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की ट्रान्सपोर्ट गाडीचं प्रशिक्षण कमीत कमी तीस दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान पंधरा तास व्हावं.

मी पैसे भरले त्या दिवशी स्कूलवाल्यानं आपुलकीनं सांगितलं, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता? टेस्टच्या दिवशी या. फॉर्म पाच मी तयार ठेवतो."

मी म्हटलं, मला पंधरा तास पाहिजेत.

त्याला पहिल्यांदा वाटलं मी तक्रार करणारा माणूस आहे. मग वाटलं मला भीती वाटतेय. तीन वेळा सांगावं लागलं की मला खरंच शिकायचंय. माझ्याबरोबर नावं घातलेली जी पाच-सहा पोरं होती, त्यातलं एकही त्या महिन्यात गाडीवर दिसलं नाही. टेस्टला मात्र सगळी हजर होती. टेस्ट मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीवर. पुढे घ्या, वळवा, मागे घ्या, उतरा. पास.

त्या पोरांना मी दोष देत नाही. एक जण मला म्हणाला, "सर, मी सहा वर्षं क्लीनर होतो, रात्री उस्ताद झोपला की मीच चालवायचो." म्हणजे शिकला तो रात्री, भरलेल्या गाडीवर, लायसन्स नसताना, शेजारी झोपलेला उस्ताद. आपल्या देशात ट्रक शिकण्याची खरी शाळा हीच आहे आणि फॉर्म पाच हा तिच्यावर टाकलेला पडदा आहे. पूर्वी ट्रान्सपोर्ट लायसन्सला आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये ती काढली, आणि ते योग्यच झालं असं मला शिक्षक असूनही वाटतं. हातात कसब असलेल्या माणसाला मार्कशीटसाठी अडवू नये. पण तेव्हा सरकार म्हणालं होतं की आता भर प्रशिक्षणावर देऊ. अट गेली. प्रशिक्षण मैदानात एक चक्कर मारून संपतं.

मला पंधरा तास मिळाले, आणि ते संपल्यावर कळलं की पंधरा तासांत फक्त भीती कुठे ठेवायची एवढंच समजतं. पुढचं नानांनी शिकवलं, अजून शिकवतायत.

पहिला धडा हवेचा. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. सेल मारला की लगेच निघायचं नाही, टाकीत हवा भरेपर्यंत काट्याकडे बघत थांबायचं. तेवढ्या वेळात खाली उतरून टायर ठोकून बघायचे. जोडटायरमधला आतला बसलेला असेल तर बाहेरून दिसत नाही, आवाजावरून कळतो. नाना डोळे मिटून सांगतात कुठला टायर कमी आहे. मी अजून प्रत्येक टायरला दोनदा ठोकतो.

दुसरा धडा वळणाचा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आतून कापत येतात. आणि ड्रायव्हरच्या सीटवरून डावीकडे, दाराच्या खाली, जवळजवळ काहीच दिसत नाही. मी वीस वर्षं मोटरसायकलवरून ट्रकच्या डाव्या बाजूनं घुसत आलोय. सिग्नलला तर नेहमीच. सीटवर बसून पहिल्यांदा डाव्या आरशात बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिथं मी असायचो. मुलीला पुढे टाकीवर बसवून असायचो. हे वाचणाऱ्या प्रत्येक दुचाकीवाल्याला हात जोडून सांगतो: थांबलेल्या ट्रकच्या डावीकडे जाऊ नका आणि त्याच्या नाकासमोर उभे राहू नका. त्याला तुम्ही दिसत नाही.

तिसरा धडा उतार. इथे माझा भूगोल आणि नानांची विद्या एका ठिकाणी आले.

साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो आणि उतारावरच इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. तिथं किती माणसं गेली याची आमच्या भागातल्या लोकांना आठवण करून द्यावी लागत नाही. पुढे पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, तो तर वर्तमानपत्रांनी सगळ्यांच्या ओळखीचा करून ठेवलाय. प्रत्येक अपघातानंतर बातमीत दोनच शब्द असतात: ब्रेक फेल.

नाना म्हणतात, "ब्रेक असा फेल हुत न्हाई सर, त्येला फेल करत्यात." वजन उंचावर नेलं की त्यात ऊर्जा साठते हे मी मुलांना फळ्यावर शिकवतो. खाली येताना ती कुठेतरी जिरवावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनच तिला धरतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली, तर सगळा भार ब्रेकवर. लायनर आणि ड्रम तापत जातात, आणि एका क्षणी पाय दाबला तरी पकड उरत नाही. गरम झालेल्या ब्रेकचा वास येतो, तो नानांनी मला मुद्दाम घाटाखाली उभ्या असलेल्या एका गाडीजवळ नेऊन दाखवला. "ह्यो वास ध्यानात ठिवा. आला की गाडी बाजूला. मालक काय का म्हणंना."

त्यांचा नियम साधा आहे. ज्या गिअरनं घाट चढला असता, त्याच गिअरनं उतरायचं.

आता विचार करा, डिझेल वाचवायला न्यूट्रल का करतात? कारण बऱ्याच ठिकाणी मालक फेरीचं डिझेल आणि खर्च आधीच ठरवून देतो, वाचलं ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्या अंगावर. आम्ही पगार असा बांधतो की उतारावर न्यूट्रल करण्याचा मोह व्हावा, आणि मग दहा गाड्या चेपल्या की ड्रायव्हर बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. न्यूट्रल करणं गुन्हाच आहे, त्याला मी माफी देत नाही. पण चौकशी कधी मालकाच्या वहीपर्यंत जाताना मी पाहिली नाही.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तरही याच वहीत आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलं गेलं. मी दोन मालकांकडे चौकशी केली, दोघांनीही तास सांगितलेच नाहीत. "अमुक दिवसांत गाडी पोचली पाहिजे" एवढंच. पगार साधारण अठरा हजार, वर रोजचा भत्ता. त्या भत्त्यातून जेवण, आणि माल उतरवायच्या जागी वाराईचा, म्हणजे माल उतरवायच्या हमालीचा, वाद झाला तर तोही तिथं उभ्या असलेल्या ड्रायव्हरनंच सोसायचा. "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची मागणी कितीतरी वर्षांची आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. मे महिन्यात दुपारी दोनला इंजिनच्या उष्णतेजवळ बसून बघितलं की तो चैनीचा विषय वाटत नाही. पण थंड केबिनमध्येही झोप ती झोपच.

जानेवारी २०२४ आठवतो का? धडक देऊन पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं नवं कलम आलं म्हणून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नवा कायदा, म्हणजे भारतीय न्याय संहिता, १ जुलैला लागू झाला तेव्हा १०६ (२) हे एवढं उपकलम मागे ठेवावं लागलं. तेव्हा मीही रांगेत उभा राहून चिडलो होतो. जखमीला टाकून पळणं वाईट, हे आजही म्हणेन. पण थांबलं तर जमाव काय करतो हे नानांनी सोसलंय, त्यांच्या डाव्या कानानं तेव्हापासून नीट ऐकू येत नाही. धडक दुसऱ्याच गाडीची होती. नाना मदतीसाठी थांबले होते.

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे तासिकावाले एक वाक्य नेहमी बोलतो. "काहीच नाही जमलं तर ट्रक चालवू." मीही बोललोय. आता ते माझ्या तोंडून निघत नाही. दुसरा पर्याय ठेवावा, जरूर ठेवावा, आमच्यासारख्यांनी तर ठेवायलाच हवा. पण ज्या पर्यायाचं वजन मालासकट अठ्ठावीस टन आहे तो अर्ध्या मनानं शिकता येत नाही. माझं अर्धं मन रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाईल.

काही विद्यार्थ्यांनी जर्मनीबद्दल विचारलं म्हणून एवढंच लिहितो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार झाला, त्यात चालकही आहेत, हे खरं. पण आपलं लायसन्स तिथं राहायला गेल्यावर सहा महिन्यांपुरतंच चालतं. नंतर त्यांची परीक्षा द्यावी लागते, व्यावसायिक ट्रकचालकाची पात्रता वेगळी मिळवावी लागते आणि भाषा यावी लागते. कुणी "लायसन्स आहे ना, मग तीन लाख द्या, थेट पाठवतो" म्हणालं, तर पैसे देऊ नका. आधी माझ्याकडे या, कागद एकत्र वाचू.

आणि ज्यांना इथंच हेवी काढायचंय त्यांनी स्कूलमध्ये पैसे भरतानाच पंधरा तासांचं वेळापत्रक लिहून मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा. भरलेल्या गाडीत, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून एक तरी घाट उतरा, नुसतं बघत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी शिका, नंतर कुणाला वेळ नसतो.

माझं पुढचं विचाराल तर जूनची मुलाखत मी देणार आहे. शिकवणं मला आवडतं आणि ते सोडायची इच्छा नाही. उन्हाळ्यात नानांबरोबर कळंबोलीच्या फेऱ्या करतोय. परवा त्यांनी सांगितलं की येताना गाडी रिकामी असेल, शिरवळपासून पुढे ती माझ्याकडे देतील.

भरलेली अजून नाही देणार म्हणाले. मी मागितलीही नाही.