स्टील गिटारवर राग वाजत नाही म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला, आणि प्रत्येक ठिकाणी खाली हात जोडलेले आणि अंगठे, "अगदी खरं" वगैरे. त्यात थोडक्यात असं लिहिलंय की स्टील गिटार हे परदेशी वाद्य, आपल्याकडे तसलं काही कधी नव्हतं; त्याला पक्के पडदे, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या, असतात त्यामुळे श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, लागत नाहीत; लोखंडी दांडी सरकवली की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं, आयती मिळते, रियाज लागत नाही; ते फिल्मी गाणी वाजवायचं वाद्य, कुठल्या मोठ्या गुरूने त्याला जवळ केलं नाही; आणि त्यावर तान (जलद सुरावळ) आणि झाला (शेवटचा जलद, झणत्कारी भाग) होत नाही. शेवटी सल्ला, मुलांना शास्त्रीय शिकवायचं असेल तर गिटार विका आणि सतार घ्या.

मी बावीस वर्षं हे वाद्य वाजवतोय, मोठा कलाकार नाही, पण रोज मांडीवर घेऊन बसतो, त्यामुळे गप्प बसवलं नाही. एकेक मुद्दा घेतो.

परदेशी आहे, हे खरंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हवाई बेटांवर जोसेफ केकुकूने गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवायची पद्धत रूढ केली, आणि आपल्याकडे ती हवाईयन कलाकारांमार्फतच आली, त्यातले ताउ मो तर १९४० च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिले आणि त्यांनी तिथे शिकवलंसुद्धा. पण "आपल्याकडे तसलं काही नव्हतं" हे साफ चूक आहे, आणि आपण मराठी माणसांनी तर ते अजिबात म्हणू नये, कारण शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला तो १३ व्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादेत. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे, एकच तार, पडदे नाहीत, आणि डाव्या हातात बांबूची कम्रिका धरून ती तारेवर सरकवायची. तारेवर वस्तू सरकवून स्वर काढायचा हा विचार इथे इतका जुना आहे. विचित्रवीणा काचेचा बट्टा फिरवून वाजवतात, दक्षिणेतली गोट्टुवाद्यम, म्हणजे चित्रवीणा, तीही तशीच. स्टील गिटारचं लाकूड आणि आकार बाहेरून आला, डाव्या हाताचं काम इथलंच होतं.

आणि परदेशी म्हणून बाद करायचं तर व्हायोलिनचं काय करणार? गजाननबुवा जोशींनी व्हायोलिन वाजवलं, व्ही. जी. जोगांनी आयुष्यभर तेच वाजवलं, तेव्हा कुणी ते विकायला सांगितलं नाही. पेटीवर तर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदीच घातली होती, त्यावर मींड निघत नाही म्हणून, आणि तरी गोविंदराव टेंब्यांची पेटी आपल्याकडे आजही आदराने आठवली जाते. पेटीच्या साथीने ख्याल ऐकणाऱ्यांनी गिटारच्या पडद्यांवर आक्षेप घ्यावा, हे मला पटत नाही.

आता पडदे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. स्टील गिटारमध्ये पडदा वापरातच नसतो हो! नट, म्हणजे खुंट्यांपाशी तारा टेकतात ती पट्टी, उचललेला असतो, तारा पडद्यांपासून चांगल्या वर असतात, बार, म्हणजे ती सरकवायची दांडी, तारेला नुसता टेकतो, तार खाली दाबली जात नाही. पडदे फक्त डोळ्यांना खूण म्हणून राहतात. माझ्या पहिल्या गिटारचा नट मी मिरजेला सतारमेकर गल्लीत उचलून घेतला होता, ते कारागीर आजोबा पडद्यांवर बोट फिरवत म्हणाले, "हे काढून टाकू का? तुला कशाला लागतायत?" मी ठेवले, पण त्यांना एका नजरेत जे कळलं ते त्या फॉरवर्डवाल्याला कळलेलं नाही.

एक उदाहरण सांगतो, हातात गिटार असेल तर करून बघा. तार साधारण ६४८ मिमी लांबीची, मोकळी तार सा, आणि तंबोरा सुरू ठेवायचा. चौथ्या पडद्याच्या बरोबर वर बार ठेवून शुद्ध गंधार छेडा. तो चढा लागतो. पडदे सगळे सुरांची समान वाटणी करून बसवलेले असतात, आणि तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येतो तो स्वयंभू गंधार त्याहून किंचित उतरलेला असतो. मग बार खुंट्यांच्या दिशेने हळूहळू मागे घ्यायचा, साधारण ४ मिमी, आणि एका जागी गंधार तंबोऱ्यात असा विरघळतो की गिटार वाजतेय की तंबोरा हे कळेनासं होतं. ती जागा पडद्यावर नाही, ती कानात आहे. दरबारीचा कोमल गंधार याच्यापेक्षा अवघड, तो तिसऱ्या पडद्याच्या मागे कुठेतरी, आणि तोही स्थिर नाही, आंदोलित, रिषभाच्या आधाराने सावकाश झुलणारा, तिथे मनगट ताठ झालं की संपलं, गंधार थरथरतो आणि दरबारीचा भारदस्तपणाच जातो. म्हणजे श्रुती लागत नाहीत हे तर सोडाच, इथे श्रुती चुकली तर लपायला जागा नसते. वरच्या सप्तकात गेलं की जागा आणखी आवळते, नटपाशी दोन पडद्यांत ३६ मिमी असतात, बाराव्याच्या पुढे १८ च उरतात, बार तेवढाच जाड आणि हात तोच.

यातच तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आलं, तरी बोलतो, कारण "आयती मींड" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. सतारीवर मींड काढायची तर तार बाजूला खेचायची, साधारण पाच सुरांपर्यंत जाता येतं, आणि वरून खाली यायचं असेल तर तार आधी खेचून ठेवावी लागते. गिटारवर एकाच तारेवर अख्खं सप्तक वर-खाली जाता येतं हे खरं, पण सरकणं म्हणजे मींड नव्हे ना! सा पासून प पर्यंत सरळ घसरत गेलात तर त्यात भूप नाही, यमन नाही, काहीच नाही, तो नुसता आवाज आहे. मींड कुठून सुटते, वाटेत कोणत्या सुराला निसटता स्पर्श करते आणि कोणत्याला चुकवते, कुठे रेंगाळते, यात राग असतो. माझ्या गुरुजींनी पहिले दोन महिने फक्त सा आणि रे दिले होते. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर अलगद टेकलेली हवीत, नाहीतर बार आणि नटमधला तारेचा तुकडा वेगळाच किरकिरतो. गुरुजी ती दोन बोटं वर गेली रे गेली की काही न बोलता स्वतःच्या बोटाने माझी करंगळी खाली दाबायचे. शंभरदा तरी दाबली असेल. याला आयतं म्हणायचं?

चौथा मुद्दा, फिल्मी गाणी आणि गुरू. व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या गाण्यांच्या धुनांच्या रेकॉर्डी घराघरात होत्या, त्यात कमीपणा कसला, लोकांनी त्या प्रेमाने ऐकल्या. पण तेवढ्यावर वाद्याचा निकाल लावायचा तर बासरीवर आणि सतारीवरही फिल्मी धुना वाजल्याच आहेत. मोठ्या गुरूने जवळ केलं नाही हे तर निव्वळ खोटं. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, त्यांनी गिटारला चिकारी, म्हणजे लयीसाठी मधूनमधून छेडायच्या बाजूच्या तारा, जोडली आणि आलाप-जोड-झाला असं पूर्ण सादरीकरण त्यावर उभं केलं. विश्वमोहन भट रविशंकरांचे शिष्य, त्यांच्या मोहनवीणेला, म्हणजे त्यांनी बदल केलेल्या अशाच गिटारला, १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. देबाशिष भट्टाचार्य काब्रांकडे शिकले, वाराणसीच्या कमला शंकर हेच वाद्य वाजवतात. काब्रा आणि भट दोघेही मैहर परंपरेतले, आणि त्या परंपरेचे बाबा अल्लाउद्दीन खाँ स्वतः व्हायोलिन वाजवायचे, बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग त्यांनी करून घेतलं, त्यांना वाद्य कुठून आलं याची पंचाईत नव्हती.

आपल्याकडचा एक धागाही सांगायलाच हवा. १९६७ चा "कॉल ऑफ द व्हॅली" हा अल्बम, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काब्रा, तो एचएमव्हीत जी. एन. जोशींनी, आपल्या भावगीतगायक जोशींनी, करवून घेतला आणि तबल्याला माणिकराव पोपटकर होते. त्यातला अहिरभैरव ऐका, फक्त गिटारकडे लक्ष देऊन ऐका.

कॉलेजात असताना एका स्पर्धेत मी शास्त्रीय वादनाचा फॉर्म भरला होता, बागेश्री बसवला होता, टेबलवरच्या माणसाने केस पाहिली आणि न विचारता "पाश्चात्य वाद्य" या गटात टाकलं, तिथे मी बागेश्रीच वाजवला आणि परीक्षकांनी "विषयाबाहेर" असा शेरा दिला. तो कागद मी अजून ठेवलाय. असल्या फॉरवर्डमुळे उद्या आणखी एखाद्या पोराच्या हातात तसाच कागद येणार, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पाचवा मुद्दा, तान आणि झाला. झाला होतो, चिकारी असली की उत्तम होतो. तानेबद्दल मात्र त्या फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे. बारला एका वेळी एकच जागा, त्यामुळे सुटे सूर हवे असतील तर प्रत्येक सुराला छेड द्यायची, मधली घसर उजव्या हाताने दाबायची, नाहीतर बार उचलून ठेवायचा, आणि वेग वाढला की हे तिन्ही एकदम करावं लागतं. सतारीचं कृंतन, म्हणजे एका छेडीत डाव्या हाताने अनेक सूर काढणं, बोटांनी जसं निघतं तसं इथे निघत नाही, हे मी मान्य करतो. बारीक मुरकी, म्हणजे झटपट घेतलेली छोटी सुरावळ, माझी आजही दहातून चारदा बिघडते. पण देबाशिषजींची द्रुत तान ऐकल्यावर "होत नाही" हा शब्द तोंडातून निघणार नाही, "फार मेहनत लागते" एवढंच म्हणता येईल. आणि प्रत्येक वाद्याची कुठे ना कुठे अडचण असतेच, संतूरला मींड नाही म्हणून शिवकुमार शर्मांना किती ऐकून घ्यावं लागलं!

राहिला सल्ला. पोराला सतार आवडत असेल तर जरूर सतार द्या. पण त्याचा जीव गिटारवर असेल तर विकू नका, नट उचलून घ्या, बरा वजनदार बार आणा, मोबाइलवर का होईना तंबोरा लावा, आणि पहिले तीन महिने बाराव्या पडद्याच्या पुढे जाऊ देऊ नका. करंगळीकडे तेवढं लक्ष ठेवा.